मखराच्या एलईडी पट्टीसाठी दुकानात आणि जाणकाराकडे जाण्यापूर्वी

गणपतीच्या मखराला रंग बदलणारी एलईडी पट्टी स्वतः जोडायची असेल, तर दुकान गाठण्याआधी एक कागद भरायला घ्या. ठाण्यातून किंवा नवी मुंबईतून मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराला जाऊन यायचं म्हणजे अर्धा दिवस जातो, आणि उत्सवाच्या तोंडावर काउंटरवरच्या माणसाला तुमची जोडणी समजून घेत बसायला वेळ नसतो. चिठ्ठीवर नेमका नंबर लिहिलेला असेल तर तो भाग दोन मिनिटांत हातात पडतो. ‘एक बारीक कपॅसिटर द्या’ म्हटलं की जो पुढे येईल तो घरी न्यावा लागतो.

कागदावर सगळ्यात वर पट्टीची लांबी लिहा. दोन खांब आणि कमान टेपने मोजा; समजा 3 मीटर भरलं. मीटरला 60 दिवे असतील तर एकूण 180. डब्ल्यूएस2812बी जातीच्या, म्हणजे प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा बदलता येणाऱ्या पट्टीत पूर्ण पांढऱ्या उजेडाला दिव्यामागे 60 मिलिॲम्पिअर धरायची पद्धत आहे, म्हणजे 10.8 ॲम्पिअर. घरच्या मखराला इतका झगझगाट कोणी लावत नाही, मूर्तीकडे बघवतही नाही. बोर्डाच्या कोडमध्ये वापरायच्या फास्टएलईडी लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) करंटची कमाल मर्यादा घालता येते. ती 7000 मिलिॲम्पिअर ठेवली की 5 व्होल्ट 10 ॲम्पिअरचा एसएमपीएस (घरच्या 230 व्होल्टचे 5 व्होल्ट करणारा पॉवर सप्लाय) आरामात पुरतो. दिवसभर काठोकाठ चालवलेला एसएमपीएस तापतो, म्हणून ही मोकळीक सोडायचीच.

पट्टी विकत घेताना कापायच्या खुणेवरचे पॅड, म्हणजे वायर जोडायचे तांब्याचे ठिपके, बघा. 5 व्होल्ट, डेटा आणि ग्राउंड असे तीनच असतील तर पट्टी बरोबर. 12 व्होल्ट, आर, जी, बी असे चार असतील, तर ती सगळी एकाच रंगात बदलणारी साधी पट्टी आहे. 12 व्होल्टची डब्ल्यूएस2811 पट्टीही दिसायला तीन पॅडवाल्या पट्टीसारखीच असते, पण तिच्यात बहुधा तीन-तीन दिवे मिळून एक पिक्सेल (एकत्रच रंग बदलणारा गट) होतो आणि वरचा हिशेब लागू पडत नाही.

आता पट्टीला रंगांचे सिग्नल, म्हणजे डेटा, पाठवणारा बोर्ड. मोबाइलवरून रंग बदलायचे नसतील तर आर्डुइनो नॅनो पुरे. तिचा डेटा 5 व्होल्टचाच असतो. मोबाइलशी जोडता येणारी ईएसपी32 घेणार असाल तर तिचा डेटा 3.3 व्होल्टचा, आणि पट्टीला 5 व्होल्ट सप्लायवर किमान 3.5 व्होल्ट हवे असतात. पट्टी टेबलावर नीट चालते आणि मखरात बसवल्यावर मधूनच चमकते, त्याचं एक नेहमीचं कारण हेच. यासाठी 3.3 व्होल्टचा डेटा 5 व्होल्टचा करणारी आयसी लागते; चिठ्ठीवर 74एएचसीटी125 असं पूर्ण लिहा. नुसता 74एचसी125 मिळाला तर घेऊ नका, कारण 5 व्होल्टवर त्यालाही 3.5 व्होल्टच लागतात आणि अडचण होती तिथेच राहते. या आयसीची 14 नंबरची पिन 5 व्होल्टला, 7 ग्राउंडला, डेटा 2 मध्ये येतो आणि 3 मधून बाहेर पडतो. पिन 1 (आउटपुट चालू करणारी) ग्राउंडला जोडायची राहून गेली तर आउटपुट चालू होईलच याची खात्री नसते. उरलेल्या तीन गेटच्या इनपुट पिनाही ग्राउंडला बांधा.

बाकीची यादी छोटी आहे: 330 ओम पाव वॉटचे पाच रेझिस्टर, 1000 मायक्रोफॅरड 16 व्होल्टचे दोन कपॅसिटर, सप्लायसाठी 1.5 चौरस मिलिमीटरची लवचीक वायर लाल आणि काळी, हीट श्रिंक (जोडावर चढवून तापवली की आवळून बसणारी नळी), फ्यूज आणि त्याचा होल्डर. रेझिस्टर डेटाच्या वायरीत, पट्टीच्या तोंडाशी. कपॅसिटर पट्टीच्या सप्लायवर, पांढऱ्या पट्ट्याची बाजू ग्राउंडला. उलटा लावला तर फुटतो.

जायचा दिवस रविवार नको, बहुतेक दुकानं बंद असतात. ठाण्याहून फास्टने दादर, वाशीहून हार्बरने कुर्ला आणि मग दादर, तिथून पश्चिम रेल्वेची स्लो पकडून ग्रँट रोड. फास्ट तिथे थांबत नाही. स्टेशनच्या पूर्वेला उतरा.

जोडणी करून अडलात आणि ओळखीच्या जाणकाराकडे निघालात, तर आधी मल्टिमीटरने तीन आकडे घ्या. सगळे दिवे पांढरे पेटवून एसएमपीएसच्या टर्मिनलवर, पट्टीच्या सुरुवातीला आणि पट्टीच्या शेवटी व्होल्टेज मोजा. सुरुवातीला 4.9 आणि शेवटी 4.1 आलं, तर पट्टीचा तांब्याचा थर व्होल्टेज खातोय. शेवटच्या टोकालाही वेगळ्या वायरने 5 व्होल्ट आणि ग्राउंड द्या. टोकाचा पांढरा पिवळट-लालसर दिसणं ही याचीच खूण. टर्मिनलवर 5 आणि सुरुवातीलाच 4.4 असेल तर वायर बारीक आहे किंवा सोल्डरचा टाका कच्चा आहे.

एकही दिवा पेटत नसेल तर पट्टीवरचा बाण बघा; डेटा बाणाच्या दिशेनेच जातो. मग बोर्डाचं ग्राउंड आणि एसएमपीएसचं ग्राउंड जोडलेलं आहे का, ते मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीच्या (जोड सलग असला की वाजणाऱ्या) बीपवर तपासा. लाल मागितल्यावर हिरवा येत असेल तर वायरिंगला हात लावू नका, कोडमध्ये रंगांचा क्रम जीआरबी (हिरवा, लाल, निळा) करा. आणि ज्या केबलने फक्त चार्जिंग होतं तिच्यावरून प्रोग्रॅम चढत नाही, तेव्हा डेटावाली केबल पिशवीत टाका.

जाणकाराकडे सगळं सामान न्या: पट्टी, एसएमपीएस, बोर्ड, कागदावरची आकृती, वायरींचे रंग दिसतील असा उजेडात काढलेला फोटो, आणि फक्त पहिले दहा दिवे लाल पेटवणारा छोटा कोड. तीनशे ओळींचा ॲनिमेशनचा कोड दाखवला तर चूक वायरिंगची की कोडची, हे शोधण्यातच संध्याकाळ संपते.

230 व्होल्टची बाजू मात्र अंदाजाने जोडायची नाही. एल (लाइव्ह), एन (न्यूट्रल) आणि अर्थ या तिन्ही वायरी प्लग काढलेला असतानाच बसवा, तीन पिनांचाच प्लग वापरा, टर्मिनलवर झाकण हवं. एसएमपीएस मखराच्या मागे, पण कापडापासून आणि निरांजनापासून लांब, हवा खेळेल असा ठेवा. प्रतिष्ठापनेच्या दोन दिवस आधी सगळं जमिनीवर मांडून दोन तास चालवा, मग प्लग काढून वायरी आणि टाके हाताने चाचपा. कुठे चटका बसला, तर तो जोड पुन्हा करा आणि मगच पट्टी मखरावर चिकटवा.