पांढऱ्या दातांसाठी घासताना
इंदुरात सकाळी पोह्यांवर लिंबू पिळून खाल्ले की लगेच ब्रश हाती घेण्याची सवय आमच्या घरात अनेक वर्षे होती आणि ती चुकीची होती. दातावरचे कवच, म्हणजे इनॅमल, साधारण ५.५ पेक्षा कमी पीएच (आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) असलेल्या आंबटपणात खनिजे गमावून मऊ पडते. अशा वेळी घासले तर ते अधिक झिजते, आणि झिजलेले इनॅमल शरीर पुन्हा तयार करत नाही. म्हणून दात न्याहारीपूर्वी घासावेत, किंवा खाल्ल्यावर नुसती चूळ भरून निदान अर्धा तास थांबावे.

दात पांढरे करणाऱ्या बहुतेक पेस्ट डाग खरवडून काढतात; दाताचा मूळ रंग त्या फारसा बदलत नाहीत. कोळशाची पूड, राखुंडी आणि मीठ यांबाबत मला विशेष काळजी वाटते, कारण इनॅमल पातळ झाले की त्याखालचा पिवळसर थर, म्हणजे डेंटिन, दिसू लागतो आणि दात उलट अधिक पिवळे भासतात. जोरात घासण्यानेही नुकसान होते: माझ्या मावशीच्या सुळ्यापाशी, हिरडीलगत, नख अडकेल एवढी खाच पडली होती आणि तिच्या ब्रशचे केस महिन्याभरातच बाहेर फाकत असत. जोर किती लागतो, हे त्या केसांवरून चटकन कळते.

मऊ ब्रश, वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट आणि हलका हात पुरतो. पेरॉक्साइडने, म्हणजे रंग उडवणाऱ्या रसायनाने, दात उजळवायचे असल्यास ते दंतवैद्यांकडूनच करून घ्यावे.