गोचीड चावल्यानंतरचा महिना आणि लाइम आजार

अमेरिकेतील न्यू जर्सी, कनेक्टिकट किंवा पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या कुटुंबांनी मे ते जुलै या काळात, झाडाझुडपांतून खेळून आलेल्या मुलांच्या काखा, जांघा, गुडघ्यामागचा भाग, कानांच्या मागे आणि केसांत रोज पाहावे. लाइम आजार पसरवणारी काळ्या पायांची गोचीड या दिवसांत बहुधा अपूर्ण वाढीची, खसखशीच्या दाण्याएवढी असते आणि तिचा चावा दुखत नाही. गावी गुरांच्या कानात पाहिलेली टपोरी गोचीड डोळ्यांपुढे ठेवून शोधल्यास ती सापडायची नाही.

सापडल्यास बारीक टोकाच्या चिमट्याने तिला कातडीलगत धरून, न पिळता, सरळ वर एकसारखे ओढावे. रॉकेल, व्हॅसलीन, पेटती काडी यांत वेळ वाया जातो. आजाराचे जिवाणू शरीरात शिरायला गोचीड बहुधा २४ तासांहून अधिक काळ चिकटलेली असावी लागते, म्हणून ती लगेच निघणे महत्त्वाचे. मग जागा साबणाने धुवावी, गोचिडीचा फोटो काढावा आणि तारीख लिहून ठेवावी. ती रक्त पिऊन फुगलेली असेल, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारावे. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा एकच डोस प्रतिबंधासाठी देता येतो.

चावल्यावर काही तासांत उठणारी रुपयाएवढी लाली ही बहुधा चाव्याचीच प्रतिक्रिया असते. लाइमचा चट्टा ३ ते ३० दिवसांत येतो, रोज पसरत ५ सेंटिमीटरहून मोठा होतो आणि सहसा खाजत वा दुखत नाही. चित्रांत दिसणारी लाल वर्तुळे अनेकांना उमटतच नाहीत. आपल्या सावळ्या कातडीवर तर तो मुक्या मारासारखा, जांभळट किंवा तपकिरी दिसू शकतो, आणि नेमका इथेच उशीर होतो. पेनाने चट्ट्याची कड आखून ठेवल्यास वाढ लगेच कळते. काहींना चट्टा न येता नुसता ताप, थकवा, अंगदुखी होते. तोंड वाकडे होणे, गुडघा सुजणे, छातीत धडधडणे किंवा चक्कर येणे दिसल्यास थांबू नये.

पहिल्या काही आठवड्यांत रक्ततपासणी अनेकदा नकारात्मक येते, त्यामुळे ठळक चट्टा असल्यास अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करतात. डॉक्सिसायक्लिन किंवा अमॉक्सिसिलिनच्या १० ते १४ दिवसांच्या गोळ्या बहुधा पुरतात. मात्र बरे वाटले म्हणून त्या मध्येच सोडू नयेत.

भेटीला आलेले आईवडील परत गेल्यावरही चट्टा उठू शकतो. पुण्या-साताऱ्यात पावसाळी तापाला प्रथम डेंग्यू समजले जाणे स्वाभाविक आहे, तेव्हा त्यांनी तिथल्या डॉक्टरांना प्रवासाचे ठिकाण आणि लिहून ठेवलेली ती तारीख आपणहून सांगावी.