फोटोतल्या क्षितिजाचा बाक पृथ्वीचा की लेन्सचा, हे कसे तपासावे

१४ ऑक्टोबर २०१२ रोजी ऑस्ट्रियाचा स्कायडायव्हर फेलिक्स बाउमगार्टनरने न्यू मेक्सिकोच्या आकाशात सुमारे ३९ किलोमीटर उंचीवरून उडी घेतली. त्या उडीच्या फिशआय लेन्सने (खूप रुंद दृश्य टिपणाऱ्या) घेतलेल्या दृश्यांत क्षितिज फारच वाकलेले दिसते. काहीजण ते पृथ्वी गोल असल्याचा पुरावा म्हणून पाठवतात, तर सपाट पृथ्वीवाले तेवढ्यावरून उंचावरचा प्रत्येक फोटो लेन्सची करामत ठरवतात. पृथ्वी गोलच आहे. पण कच्चा पुरावा पुढे केला की खऱ्या बाजूचेच नुकसान होते, म्हणून फोटो आधी तपासून घ्या.

१. मूळ फाइल मिळवा. क्रॉप केलेला फोटो या कामाचा नाही, कारण त्यात लेन्सचा मध्य कुठे होता ते कळत नाही. कोणत्या कॅमेऱ्याने, कोणत्या मोडमध्ये काढला तेही पाहा. अनेक फोन वाइड फोटो आपोआप सरळ करून देतात.

२. चारही कोपरे जोडणारे दोन कर्ण काढा. ते छेदतात तो फोटोचा मध्य. आता क्षितिज या मध्याच्या वर आहे की खाली, ते बघा. सगळा निकाल इथेच लागतो. वाइड आणि फिशआय लेन्स कडेची दृश्ये मध्याकडे ओढतात. त्यामुळे मध्याच्या वरची सरळ रेघ घुमटासारखी फुगते, खालची रेघ उलटी वाकते, आणि बरोबर मध्यातून जाणारी रेघ सरळच राहते. व्हिडिओ असेल तर कॅमेरा वरखाली होताना थांबवत थांबवत पाहा. बाक उलटसुलट होत असेल, तर त्यातला मोठा वाटा लेन्सचा आहे. क्षितिज मध्यातून जाते तीच फ्रेम विचारात घ्या.

३. त्या फ्रेमची रुंदी दहा टक्क्यांवर आणा, उंची तशीच ठेवा. अगदी थोडा बाकही लगेच उठून दिसतो.

४. उंचीशी ताडून पाहा. समजा लेन्स ६० अंशांचे दृश्य टिपते आणि फोटो ४,००० पिक्सेल रुंद आहे. मग क्षितिजाचा मध्य टोकांपेक्षा किती वर दिसायला हवा? किनाऱ्यावर उभे राहून अर्धा पिक्सेलसुद्धा नाही. १ किलोमीटरवरून साधारण १०, विमानाच्या १० किलोमीटरवरून ३० आणि ३९ किलोमीटरवरून ६०. म्हणजे किनाऱ्यावरच्या फोटोत क्षितिज सरळ दिसते, यावरून पृथ्वी सपाट ठरत नाही. आणि त्याच फोटोत ते ठळक वाकलेले दिसले, तर तो बाक पृथ्वीचा नव्हे.

५. लेन्सची खात्री करायची असेल तर त्याच कॅमेऱ्याने, त्याच झूमवर ताणलेल्या दोरीचा फोटो काढा. दोरी फ्रेममध्ये क्षितिज होते त्याच जागी यायला हवी. तिचा बाक हीच त्या जागची लेन्सची चूक. विमानातून फोटो काढला असेल तर खिडकीचे प्लॅस्टिकही दृश्य वाकवू शकते, हे धरून चाला.

६. लेन्सचा वादच नको असेल तर क्षितिजाचा बाक सोडा, ते डोळ्याच्या पातळीपेक्षा किती खाली दिसते ते मोजा. अल-बिरूनी या विद्वानाने अकराव्या शतकात नंदना किल्ल्याजवळ (आजच्या पाकिस्तानात) हेच करून पृथ्वीची त्रिज्या काढली. समुद्र दिसेल अशा उंच डोंगरावर गवंड्याची लेव्हलची नळी न्या, तिच्यात रंगीत पाणी भरा आणि दोन्ही टोके ३० सेंटिमीटर अंतरावर उभी धरा. मागच्या टोकाशी डोळा लावून दोन्ही पाण्याच्या पातळ्या एका रेषेत आणा. १,००० मीटर उंचीवर क्षितिज त्या रेषेच्या जवळपास १ अंश खाली असते, म्हणजे नळीच्या पुढच्या टोकावर सुमारे ५ मिलिमीटर.