‘दोष आढळला नाही’ लिहिण्याआधी

बायोमेडिकलला, म्हणजे हॉस्पिटलातली यंत्रं सांभाळायच्या कामाला, नवीन लागलेल्या मुलामुलींचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. कोणता कोर्स करू, आधी व्हेंटिलेटर शिकू की डायलिसिस मशीन, कंपनीत जाऊ की हॉस्पिटलात. शेवटच्याचं उत्तर लगेच देऊन टाकते: हॉस्पिटलात. कंपनीत एक यंत्र खोलात शिकाल हे खरं, पण तेच यंत्र रात्री तीन वाजता, नळ्यांच्या गुंत्यात, चार अलार्म एकदम वाजत असताना कसं वागतं ते वॉर्डातच कळतं. माझ्या कंपनीतल्या मैत्रिणींना हे पटत नाही. असो.

मी जिथे तोंडावर आपटले तेवढं मात्र सविस्तर सांगणार आहे.

नोकरीला सात महिने झाले होते. आयसीयूतून एक सिरिंज पंप, म्हणजे सिरिंजमधलं औषध ठरवलेल्या वेगाने देणारं यंत्र, खाली आमच्याकडे आला, चिठ्ठीवर दोनच शब्द: ‘कमी जातंय’. मी ड्रॉवरमधली ५० मिलीची सिरिंज लावली, पाणी भरलं, ताशी १० मिलीवर तासभर चालवला आणि पडलेलं पाणी तोललं. ९.९ ग्रॅम, म्हणजे ९.९ मिली. अशा पंपांना साधारण दोन-तीन टक्के इकडेतिकडे चालतं. हा तर एका टक्क्यात बसत होता. जॉब शीटवर ‘दोष आढळला नाही’, खाली सही, पंप परत. चार दिवसांनी तोच पंप, तीच चिठ्ठी, माझी तीच चाचणी, तोच निकाल. या वेळी मी खाली एक ओळ वाढवली: ‘वापरणाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे.’ ती ओळ आठवली की आजही कान गरम होतात.

तिसऱ्या वेळी सिस्टरांनी पंप पाठवलाच नाही. मलाच वर बोलावलं. म्हणाल्या, “इथे उभी राहा आणि बघ.” पडद्यावर ५० मिली दिल्याचा आकडा होता आणि सिरिंजमध्ये दट्ट्याच्या पुढे साडेसहा मिली औषध शिल्लक होतं. त्यांनी वहीत चार दिवसांच्या वेळा लिहून ठेवल्या होत्या, लावली कधी, संपली कधी. ताशी ५ मिलीने दहा तासांत संपायची सिरिंज दर वेळी साडेअकरा तास पुरत होती. चार ओळी, बॉलपेनने, सरळ रेघ मारून. माझ्या दोन जॉब शीटपेक्षा त्या चार ओळींत जास्त इंजिनिअरिंग होतं.

आता नीट ऐका, कारण इथेच बहुतेक जण मान डोलावतात आणि पुढे फसतात. सिरिंज पंप द्रव मोजत नाही. औषध किती गेलं हे त्याला कळायला मार्गच नाही. मोटर स्क्रू फिरवते, स्क्रू दट्ट्या पुढे ढकलतो, आणि दट्ट्या किती मिलिमीटर सरकला एवढंच पंपाला माहीत असतं. त्या मिलिमीटरचे मिली करायला सिरिंजचा आतला व्यास लागतो, आणि तो पंप स्वतःच्या यादीतून घेतो: अमुक कंपनी, अमुक माप, अमुक व्यास. ५० मिलीच्या दोन सिरिंज म्हणजे एकच गोष्ट नव्हे. एक जाडी नि बुटकी असते, दुसरी बारीक नि लांब. दोघींत ५० मिलीच मावतं, पण दट्ट्या सारखाच सरकला तर दोघींतून सारखं औषध बाहेर पडत नाही.

समजा, यादीत निवडलेल्या सिरिंजचा व्यास २९ मिमी आहे आणि प्रत्यक्षात लावलेलीचा २७. फरक फक्त दोन मिमी. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलतं: २९ चा वर्ग ८४१, २७ चा ७२९. पंप जाड्या सिरिंजच्या हिशोबाने सावकाश ढकलतो आणि औषध १३ टक्के कमी जातं. उलटं झालं, बारीक निवडली आणि जाडी लावली, तर १५ टक्के जास्त. यात अलार्म एकही वाजत नाही, कारण पंपाच्या दृष्टीने सगळं बरोबर चाललेलं असतं. काही पंप सिरिंजची बाहेरची जाडी क्लॅम्पने ओळखतात. त्याने २० मिली आणि ५० मिलीतला फरक कळतो; दोन कंपन्यांच्या ५० मिलीतला कळेलच असं नाही. त्यावर विसंबू नका.

आमच्या पंपात नेमकं हेच झालं होतं. आणि केलं कोणी? मीच. महिनाभरापूर्वी त्याची बॅटरी बदलल्यावर मी तो मूळ सेटिंगवर आणला होता. यादीतली पहिली कंपनी आपोआप निवडली गेली. वॉर्डात दुसऱ्याच कंपनीच्या सिरिंज होत्या. पंप दर वेळी बारीक अक्षरात नाव दाखवून ‘बरोबर?’ विचारायचा, जे उत्तर वर्षभर बरोबर ठरलं ते बटण हात न बघताच दाबतो, तुमचाही दाबेल. आणि माझ्या ड्रॉवरमधली सिरिंज योगायोगाने त्या पहिल्या कंपनीचीच होती. म्हणून टेबलावर पंप निर्दोष, खाटेशेजारी चुकीचा. रुग्णाचं काही बिघडलं नाही, कारण सिस्टर पंपाकडे न बघता रुग्णाकडे बघून औषध जुळवून घेत होत्या.

तेव्हापासून पंप खाली आणण्याआधी मी वर जाते. कोणती सिरिंज, कोणती नळी, पंप खाटेपेक्षा किती उंच, पडद्यावर काय निवडलंय, सगळं लिहून घेते. फोटोही काढते, रुग्ण न येईल असा. मग इव्हेंट लॉग, म्हणजे पंपाने स्वतः ठेवलेली घटनांची नोंद, उतरवायचा, आणि मगच बंद करायचं. ‘एकदा बंद करून चालू करा’ असं फोनवर सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. पुरावा पुसायची याहून सोपी रीत नाही. चाचणीसाठी वॉर्डाच्या खोक्यातली कोरी सिरिंज मागून घ्या, आणि यंत्र निर्जंतुक करूनच टेबलावर घ्या.

कमी वेगाची एक गोष्ट जाता जाता. ताशी एक-दोन मिलीवर पंप सुरू केला की दट्ट्या ढकलणारी पंपाची पट्टी आणि दट्ट्या यांच्यामधली फट भरून निघेपर्यंत बराच वेळ काहीच जात नाही. म्हणून रुग्णाला जोडण्याआधी पर्ज करतात, म्हणजे थोडं औषध नळीतून पुढे ढकलून ती फट भरून घेतात. नळी अडकली तर अलार्मही उशिरा वाजतो, कारण त्या वेगाने दाब चढायलाच वेळ लागतो. तो बिघाड नव्हे. दोन्ही तक्रारी येतील, तेव्हा पंप उघडत बसू नका.

डिफिब्रिलेटरची, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राचीही तीच तऱ्हा. रुग्णाच्या जागी जोडलेल्या ५० ओहमच्या टेस्टरवर झटक्याचे ज्यूल बरोबर येतात, आपण खूश; पण वायर भिंतीतल्या सॉकेटमध्येच असते. रुग्णाला उचलून धावत नेताना तो बॅटरीवर असतो. प्लग काढून तपासा. लीकेजबद्दल, म्हणजे यंत्रातून बाहेर झिरपणाऱ्या विजेबद्दल, एवढंच: आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेची ६०६०१-१ आणि ६२३५३ ही दोन वेगळी मानकं आहेत, पहिलं यंत्र बनवतानाच्या चाचणीसाठी, दुसरं वापरातल्या यंत्रासाठी. एकाच्या पद्धतीने मोजून दुसऱ्याच्या मर्यादेशी ताडू नका. बाकी मॅन्युअलमध्ये आहे.

घाबरवलं का? मग हेही ऐका. सगळी यंत्रं पाठ असण्याची गरज नाही, कोणाचीच नसतात. तक्रार आली की आधी वायर, केबल, प्रोब, बॅटरी बघा. आतल्या सर्किट बोर्डापर्यंत जायची वेळ क्वचितच येते. ऑक्सिमीटरचा बोटाला लावायचा तुटका प्रोब बदलून मॉनिटर ‘दुरुस्त’ केल्याबद्दल मला शाबासकी मिळाली आहे, आणि मी ती निमूट घेतली आहे.

ऑक्सिमीटरवरून आठवलं. ताकुओ आओयागी हा जपानी इंजिनिअर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हृदयातून किती रक्त जातं ते रक्तात रंग सोडून कानावर मोजायच्या खटपटीत होता. नाडीच्या ठोक्यांनी त्याचा आलेख सारखा थरथरायचा, आणि ती थरथर घालवायला त्याने दोन तरंगलांबींचा प्रकाश वापरला. रक्तातला ऑक्सिजन बदलला की त्याची जुळवाजुळव बिघडायची. कोणीही वैतागला असता. त्याला मात्र त्या बिघडण्यातच ऑक्सिजनचं माप दिसलं, आणि १९७४ मध्ये त्याने ते मांडलं. ‘कमी जातंय’ ही चिठ्ठी मी दोनदा कचरा समजून बाजूला सारली होती, म्हणून ही गोष्ट मला जरा टोचते.

गुरू कोणाला करायचं, हेही सारखं विचारतात. ‘बोर्ड बदल, चालू होईल’ म्हणणारा सीनिअर वेगवान असतो, लोकप्रिय असतो, आणि त्याच्याकडून तुम्ही बोर्ड बदलायला शिकता. मी रात्रपाळीच्या सिस्टरांना गुरू केलं. त्यांना सर्किट कळत नाही, पण कुठलं यंत्र कधी खोटं बोलतं ते कळतं. त्यांच्याशी वाद घालण्याआधी त्यांची वही मागा.

आता आमच्या प्रत्येक पंपावर सिरिंजच्या कंपनीचं नाव चिकटवलेलं आहे. पुरवठा बदलला तर कळवू, असं स्टोअरने दोनदा कबूल केलंय आणि दोन्हीदा ते विसरलेत. म्हणून दर सोमवारी मी आयसीयूत जाऊन कोरड्या कचऱ्याच्या डब्यातली सिरिंजची रिकामी वेष्टनं वाचते. नवीन वॉर्डबॉय पहिल्या दिवशी विचारतो, मॅडम काही हरवलंय का.