रॉकबॉक्ससाठी कोड लिहिताना या चुका टाळा

“सिम्युलेटरवर तर मस्त चालतंय.” नव्या माणसाच्या पॅचवर (सुचवलेल्या कोडबदलावर) पहिली तक्रार आली की हे उत्तर ठरलेलं. रॉकबॉक्स म्हणजे म्युझिक प्लेअरवर कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी चालणारं मुक्त फर्मवेअर. त्याचा सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर चालणारी प्लेअरची नक्कल, चांगलाच आहे, मेनूची रचना, थीम, भाषांतर, पडद्यावरची मांडणी बघायला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. पण तो तुमच्या लॅपटॉपवर, लॅपटॉपच्या प्रोसेसरवर आणि लॅपटॉपच्या स्टॅकवर चालतो. नुसता सिम्युलेटर बघून फर्मवेअर लिहिणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

२००१ साली आर्कोसच्या ज्यूकबॉक्ससाठी हे काम सुरू झालं, तेव्हापासून आयपॉड, सान्सा, आयरिव्हर, गिगाबीट असे कितीतरी प्लेअर त्यात आले. पहिल्या सान्सा क्लिपमध्ये रॅम २ एमबी, क्लिप प्लसमध्ये ८, आयपॉड व्हिडिओमध्ये ३२ किंवा ६४. बहुतेकांत दशांश गणिताचं वेगळं हार्डवेअर नाही. एकच कोड या सगळ्यांवर चालायचा असतो, आणि खालच्या जवळजवळ सगळ्या चुका हे विसरल्यामुळेच होतात. म्हणून आधी एक खरा प्लेअर हाताशी ठेवा. जुना क्लिप प्लस किंवा आयपॉड पुरतो.

स्टॅक म्हणजे गोदाम नव्हे

रॉकबॉक्समधल्या थ्रेडचा (स्वतंत्र चालणाऱ्या कामाचा) नेहमीचा स्टॅक, म्हणजे फंक्शनच्या लोकल व्हेरिएबलची जागा, १०२४ बाइटचा असतो. किलोबाइट नव्हे, बाइट. आता फाइलच्या पाथसाठी जो ठरावीक आकार वापरतात तो २६० बाइटचा. फंक्शनमध्ये असे चार ॲरे लोकल म्हणून घेतले की झाले १०४० बाइट, आणि अजून एकही फंक्शन बोलावलेलं नाही! लॅपटॉपवर याचा पत्ताही लागत नाही, कारण तिथे थ्रेडला ऐसपैस स्टॅक मिळतो. प्लेअरवर मात्र पॅनिकचा पडदा येतो, त्यावर ‘एसटीकेओव्ही’ (स्टॅक ओव्हरफ्लो) आणि थ्रेडचं नाव. हे दिसलं तर नशीब समजा. स्टॅकच्या तळाशी ‘डेडबीफ’ हा आकडा भरून ठेवलेला असतो, आणि थ्रेड बदलताना तो जागेवर आहे का एवढंच तपासलं जातं. तपासणी होण्याआधीच शेजारचं काही पुसलं गेलं असेल, तर प्लेअर भलत्याच ठिकाणी कोसळतो.

प्लगइन मुख्य थ्रेडवर चालतं, तिथे साधारण ८ किलोबाइट मिळतात. म्हणून “माझ्या प्लगइनमध्ये तर चाललं होतं” असं म्हणत तोच कोड कोअरच्या (रॉकबॉक्सच्या गाभ्याच्या) थ्रेडमध्ये उचलून नेणारे हमखास आपटतात.

उपाय साधा आहे. मोठा ॲरे लोकल घेऊच नका, स्टॅटिक करा किंवा बोलावणाऱ्याकडून बफर मागा. मग प्लेअरवर डीबग मेनू उघडा (त्याच्या नावातच ‘कीप आउट!’ लिहिलंय, तरी तुम्ही जायचंच) आणि थ्रेडच्या स्टॅकचा पडदा बघा. तिथली टक्केवारी आत्ताची नसते, आजवर गाठलेली कमाल असते. म्हणून आधी तुमच्या कोडची सगळ्यात वाईट वाट चालवून घ्या, म्हणजे खोल फोल्डर, लांब नावं, बिघडलेली फाइल, आणि मग आकडा वाचा. ८०च्या वर गेला की हात आखडता घ्या. काही जण सरळ स्टॅकच वाढवून मोकळे होतात. २ एमबीच्या प्लेअरवर ती उधळपट्टी दुसऱ्याच्या खिशातून होते.

पॉइंटर धरून बसू नका

ही चूक सगळ्यात महाग पडते. कोअरमध्ये मॅलॉक (सी भाषेतलं मेमरी मागायचं नेहमीचं फंक्शन) नाही. जागा मागायची ती बफलिबकडे (मेमरी वाटणाऱ्या लायब्ररीकडे), ‘कोअर अलॉक’ने, आणि हातात येतो तो पॉइंटर (मेमरीतला पत्ता) नव्हे, हँडल (नुसता ओळखक्रमांक). हँडल देऊन ‘कोअर गेट डेटा’ विचारलं की सध्याचा पत्ता मिळतो. यातला ‘सध्याचा’ हा शब्द लोक वाचतच नाहीत. गाणं वाजत असताना ऑडिओ बफरने उरलेली जवळजवळ सगळी रॅम घेतलेली असते. दुसऱ्या कुणी सलग जागा मागितली आणि ती नसली, की बफलिब मेमरीचे ठोकळे सरकवून मोकळी जागा एकत्र करतं. तुमचा ठोकळा हलतो, हँडल तेच राहतं, पत्ता बदलतो.

“पण मी तर मध्ये काही मागितलंच नाही!” तुम्ही नसेल मागितलं. थ्रेड एकमेकांना आपणहून वाट देतात. तुमच्या थ्रेडने यील्ड केलं की दुसरा चालतो, आणि तो मागतो. आता खरी मेख. डिस्कवरून वाचणारं फंक्शन वाचता वाचता यील्ड करतं.

नेहमीचा प्रसंग असा घडतो. कुणी गाण्याचे शब्द दाखवणारं फीचर लिहितो. गाणं बदललं की ४० किलोबाइट मागतो, पॉइंटर घेतो, फाइल उघडतो आणि त्या पॉइंटरवर वाचतो. त्याच्या प्लेअरवर आठवडेच्या आठवडे काही होत नाही, कारण थीम साधी आणि ठोकळे हलायची वेळच येत नाही. मग अल्बम आर्टवाली थीम, मोठा फाँट आणि रॅममध्ये डेटाबेस ठेवणारा कुणी तेच वापरतो. वाचन चालू असतानाच दुसऱ्या थ्रेडला जागा लागते, ठोकळा खाली सरकतो, आणि फाइलचे उरलेले बाइट जुन्या पत्त्यावर पडत राहतात. तिथे आता फाँटची कॅश आलेली असते. पडद्यावर आधी दोनचार अक्षरांच्या जागी ठिपके, दहा मिनिटांनी डेटा ॲबॉर्ट (चुकीच्या पत्त्यामुळे कोसळणं), आणि तोही फाँटच्या कोडमध्ये. तक्रार फाँटवर जाते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. थीम बदलली की लक्षण जातं, म्हणून “थीममध्ये दोष” असा शेरा मारून विषय बंदही होतो.

सुटकेच्या वाटा दोन. वाचन छोट्या स्टॅटिक बफरमध्ये करा आणि प्रत्येक तुकडा कॉपी करताना ‘कोअर गेट डेटा’ पुन्हा विचारा, हे फंक्शन अगदी स्वस्त आहे. नाहीतर वाचायच्या आधी ‘कोअर पिन’, संपल्यावर ‘कोअर अनपिन’. पिन केलेला ठोकळा हलत नाही, म्हणून ती दोन वाक्यं एकमेकांच्या जितकी जवळ तितकं बरं. सुरुवातीला पिन करून कायम तसंच ठेवणारे मेमरीच्या मधोमध खुंटा ठोकून ठेवतात, मग बाकीच्यांना सलग जागा मिळत नाही. पहिली वाट बरी, कारण तिथे विसरण्यासारखं काही उरत नाही.

चूक आहे की नाही हे नशिबावर सोडू नका. चाचणीपुरता तुमच्या ठोकळ्याच्या आधी एक डमी ठोकळा घ्या. वाचनाच्या मध्यावर तो सोडा आणि लगेच अशी मोठी जागा मागा, जी सलग मिळणार नाही. ठोकळा हललाच पाहिजे. अक्षर काढणंही निर्धोक समजू नका. फाँटच्या कॅशमध्ये नसलेलं अक्षर डिस्कवरून आणावं लागतं, म्हणजे पुन्हा वाचन, पुन्हा यील्ड.

बूस्ट लावला, काढला कुणी?

आयपॉड व्हिडिओवर रॉकबॉक्स प्रोसेसर एरवी ३० मेगाहर्ट्झवर चालवतं आणि गरज पडली तर ८०वर नेतं. वेग वाढवणारा हा सीपीयू बूस्ट मोजणीवर चालतो, जितक्या वेळा लावला तितक्याच वेळा काढावा लागतो. नवखा माणूस फंक्शनच्या सुरुवातीला लावतो, शेवटी काढतो, आणि मधे ‘फाइल उघडली नाही तर परत जा’ अशी ओळ लिहितो. त्या वाटेने एकदा बाहेर पडलं की मोजणी कायमची एकने वर. काहीच कोसळत नाही, म्हणून कळतही नाही. फक्त बॅटरी लवकर संपते, आणि लोक नवी बॅटरी मागवतात. डीबग मेनूत सीपीयू फ्रीक्वेन्सीच्या पडद्यावर मोजणी दिसते. तुमचं फीचर वापरण्याआधी आणि वापरून झाल्यावर गाणं थांबवून ती पाहा, दोन्ही वेळा आकडा सारखाच हवा. बाहेर पडायची वाट एकच ठेवा. त्यासाठी गोटू (कोडमधली थेट उडी) वापरला तरी चालेल, कॉलेजात काहीही शिकवलेलं असो.

बाकीच्या, थोडक्यात

बाइटच्या बफरवर थेट ३२ बिटचा पॉइंटर लादू नका. पत्ता चारच्या पटीत नसला तर लॅपटॉप मुकाट्याने बरोबर उत्तर देतो, एआरएम७ प्रोसेसर मुकाट्याने फिरवलेले बाइट देतो आणि मिप्स सरळ एक्सेप्शन टाकतो. टॅग वाचताना बाइट एकेक जोडणारी फंक्शनं तयार आहेत, तीच वापरा. त्यात आयरिव्हरचे एच१०० आणि एच३०० कोल्डफायर प्रोसेसरवर चालतात, म्हणजे बाइटचा क्रमही उलटा.

फ्लोट (दशांश संख्यांचा प्रकार) नको. फिक्स्ड पॉइंट, म्हणजे पूर्णांकांतच दशांश बसवणं, शिकायला एक दुपार लागते.

नुसती मुख्य बायनरी कॉपी करून “प्लगइन उघडत नाहीत, विसंगत आवृत्ती म्हणतंय” असं विचारू नका. प्लगइन आणि कोडेक (गाण्याचे फॉरमॅट उलगडणारे भाग) त्याच बिल्डचे लागतात. ‘मेक झिप’ करा आणि अख्खं फोल्डर टाका. दोन मिनिटं वाचवायला जाऊन लोक अख्खी संध्याकाळ घालवतात.

हार्डडिस्कच्या प्लेअरवर दर सेकंदाला लॉग फाइलमध्ये लिहिलंत, तर डिस्क झोपणारच नाही. लॉगएफ चालू करून बिल्ड करा, तो रॅममध्ये लिहितो. टिकवायचंच असेल तर डिस्क आपणहून फिरेल तेव्हा लिहिण्याची सोय आहे.

यूएसबी जोडल्याची सूचना प्लगइनने पकडून बाहेर पडायलाच हवं, उघड्या फाइली बंद करून. तुम्ही ती गिळलीत की प्लेअर होकाराची वाट बघत बसतो आणि माणूस केबल काढून घालत बसतो.

पडद्याचा आकार आणि बटणांची नावं कोडमध्ये कोरू नका. क्लिप प्लसचा पडदा १२८ बाय ६४, आयपॉड व्हिडिओचा ३२० बाय २४०.

बूटलोडरला (प्लेअर सुरू होताना फर्मवेअर चढवणाऱ्या छोट्या प्रोग्रामला) हात लावू नका. तुमच्या फीचरचा त्याच्याशी संबंध नसतो, बिल्डच्या ‘कॉन्फिगर’मध्ये एन म्हणजे नॉर्मल निवडा. आयपॉड व्हिडिओमध्ये डिस्क मोड (संगणकाला नुसती डिस्क म्हणून जोडायची सोय) वेगळ्या फ्लॅशमध्ये आहे, मेन्यू आणि सिलेक्ट धरून रीसेट केलं, मग सिलेक्ट आणि प्ले धरलं की तो येतो, म्हणून बूटलोडर बिघडला तरी हा आयपॉड सहसा वाचतो. सगळेच प्लेअर इतके क्षमाशील नाहीत.

प्लेअर कोसळला की पडद्यावरचा पत्ता लिहून घ्या आणि ‘ॲडरटूलाइन’ला (पत्त्यावरून कोडची ओळ सांगणाऱ्या साधनाला) त्याच बिल्डची ईएलएफ, म्हणजे बिल्ड करताना बनणारी पत्त्यांची माहिती असलेली फाइल द्या. त्याच बिल्डची! पडद्याचा फोटो काढायचा, दोन ओळी बदलून पुन्हा बिल्ड करायचं आणि मग जुना पत्ता नव्या ईएलएफमध्ये शोधायचा, हा प्रकार इतका सर्रास चालतो की चिडायचाही कंटाळा येतो. प्रत्येक झिपसोबत ईएलएफ जपून ठेवा. पत्ता प्लगइनच्या टापूत असेल तर त्या प्लगइनची ईएलएफ वेगळी असते, हेही ध्यानात असू द्या.

पॅच गेरिटवर (पॅच तपासायच्या साइटवर) टाकताना एका पॅचमध्ये एकच काम. टॅब नकोत, चार स्पेस. भाषेच्या नव्या ओळी फक्त इंग्रजीच्या फाइलमध्ये घाला, बाकीच्या भाषा त्या त्या लोकांकडे राहू द्या. जाता जाता शेजारच्या फंक्शनचे कंस नीट करायचा मोह आवरा, तपासणाऱ्याला खरा बदल सापडला पाहिजे.

देवनागरी नावांचं काय

मराठी माणूस या कामात आला की गाण्यांची नावं देवनागरीत दिसावीत ही पहिली इच्छा असते, आणि चुकाही ठरलेल्या. युटीएफ-८मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. ‘ज्ञानेश्वरी’ या शब्दात अकरा चिन्हं आहेत, म्हणजे ३३ बाइट. नाव ठेवायला ३२ बाइटचा ॲरे घेतलात तर हा एक शब्दही मावत नाही, आणि बाइट मोजून कापलंत तर शेवटचं चिन्ह अर्धं तुटून चौकोन येतो. २६० बाइटच्या पाथमध्ये जेमतेम ८६ चिन्हं बसतात, त्यात फोल्डरचं नावही आलंच.

देवनागरी अक्षरं असलेला फाँट टाकला की अक्षरं दिसतात, पण ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे पडते आणि जोडाक्षरं हलन्तासकट सुटी उभी राहतात. मग कुणी फाँटमध्येच वेलांटीची खूण डावीकडे ओढून बसवतो. ‘कि’ बरोबर येतं, ‘स्थिती’ फिसकटतं. हा फाँटचा प्रश्नच नाही. रॉकबॉक्समध्ये चिन्हांची जुळवाजुळव अरबी-हिब्रूसाठी केलेली आहे, भारतीय लिप्यांसाठी नाही. काम करायचंच असेल तर ते तिथे करा, जिथे स्ट्रिंग पडद्यावर जाण्याआधी अरबी-हिब्रूचा क्रम बदलला जातो. आणि जोडाक्षरांचं टेबल लिहायला घेण्याआधी ते २ एमबीच्या क्लिपवर किती जागा खाईल याचा हिशोब मांडा, नाहीतर पॅच तिथेच अडकेल.