तापात स्टिरॉइडची गोळी? या चुका टाळा

पावसाळा लागला की कोल्हापुरात घरटी एक खोकणारा असतोय, आणि मेडिकलमध्ये "ती मागच्या वेळची बारकी गोळी द्या की" म्हणणारं कोणतरी असतंयच. ती बारकी गोळी बऱ्याचदा स्टिरॉइड असते, डेक्सामेथासोन नाहीतर प्रेडनिसोलोन. कोविडमध्ये लोक वाचले ना तिनं, मग आत्ताच का नको, असा हिशोब असतो. हीच सगळ्यात मोठी चूक.

ही गोळी व्हायरस मारत नाही ओ. आजार बळावला की आपलीच प्रतिकारशक्ती खवळून फुफ्फुसाला सूज आणते, ती सूज ही गोळी दाबते. २०२० च्या ब्रिटनमधल्या रिकव्हरी ट्रायलमध्ये (कोविडच्या पेशंटांवर औषधं तपासणारी चाचणी) डेक्सामेथासोन रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस दिली, तर व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आले. पण ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना काहीच फायदा नाही, उलट गोळी घेतलेल्यांत १७.८ टक्के मृत्यू आणि न घेतलेल्यांत १४, म्हणजे ठाम नुकसान म्हणता येत नसलं तरी कल तिकडंच. सुरुवातीच्या दिवसांत व्हायरसशी लढायला जी ताकद पाहिजे तीच आपण दाबून टाकतो. आग लागायच्या आधीच घरात बंब फिरवल्यासारखं.

दुसरं, शुगर. स्टिरॉइडनं ती झपाट्यानं चढते, आधी डायबेटिस नसला तरी, आणि २०२१ ला म्युकरमायकोसिसनं (काळ्या बुरशीनं) आपल्याकडं जे डोळे गेले त्यामागं वाढलेली शुगर आणि बेसुमार स्टिरॉइड ही जोडी होती. त्यामुळं शुगर आहे हे डॉक्टरांना आधी सांगा, विचारतील म्हणून थांबू नका.

बरेच आठवडे चालू असलेली गोळी एकदम बंद करू नका, डोस कमी करत आणावा लागतो.

आणि "सूज कमी करणारं काहीही चालतंय" हे तर अजिबात नाही. संधिवाताची टोसिलिझुमॅब आणि बॅरिसिटिनिब दवाखान्यात ॲडमिट झालेल्या कोविड पेशंटांना उपयोगी पडली, पण गाउटची कोल्चिसिन, ॲस्पिरिन त्याच रिकव्हरी ट्रायलमध्ये मृत्यू कमी करू शकली नाहीत. फ्लूचं गणित अजून वेगळं, तिथं ओसेल्टामिविर (फ्लूच्या व्हायरसवरचं औषध) लवकर सुरू होणं महत्त्वाचं, म्हणून कोविडची चिठ्ठी फ्लूला चालवू नका.

घरात ऑक्सिमीटर असेल तर बोट गरम करून, नेलपॉलिश काढून बघा. ९४ च्या खाली सारखं येत असेल किंवा धाप लागत असेल तर मेडिकल नाही, सरळ सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) नाहीतर जवळचा दवाखाना गाठा.