घरच्या मिक्सरवर फ्रोझन ब्लडी मेरी, तीपण पाणचट न होता

फ्रोझन कॉकटेल म्हटलं की बहुतेकांना मार्गारिटा नाहीतर डाकिरी आठवते, आणि ती घरी बरी जमतातही, कारण त्यात साखर असते आणि साखर बर्फाचे मोठे खडे होऊ देत नाही. ब्लडी मेरी पडली खारट-आंबट-तिखट, साखरेचं नावच नाही, त्यामुळे टोमॅटो ज्यूस, व्होडका आणि ट्रेभर बर्फ असं सगळं एकदम मिक्सरला लावलं की खाली पाणी, वर फेस आणि मधे नुसती कचकच. उपाय एकच आहे, पाण्याचा बर्फ वापरायचाच नाही, टोमॅटोचाच बर्फ करायचा. मग तो वितळला तरी टोमॅटोच होतो, पाणी नाही होत.

चार ग्लासांचं माप सांगते. टोमॅटो एक किलो, लालबुंद, हाताला किंचित मऊ लागणारे, कडक पोपटी-लाल वाले कोशिंबिरीला ठेवा. आता इथे महत्त्वाचं, टोमॅटो कच्चेच फिरवून गाळायचे नाहीत. टोमॅटो कापला की त्याच्या आतलीच एन्झाइम्स पेक्टिन (रसाला दाटपणा देणारा घटक) तोडायला लागतात आणि मग रस फाटतो, गर एकीकडे पाणी एकीकडे. ताबडतोब गरम केलं की ती एन्झाइम्स निकामी होतात आणि रस दाट राहतो, आणि साखर नसताना आपल्याला मऊपणा द्यायला हे पेक्टिनच आहे. म्हणून पातेलं आधी तापत ठेवायचं आणि टोमॅटो कापत कापत त्यातच टाकत जायचं, सगळे कापून ताटात ढीग करून मग गॅस पेटवायचा नाही. उकळी आली की पाच-सात मिनिटं, मग गार करून मिक्सरमधून काढायचं आणि गाळणीतून चमच्याने दाबून दाबून गाळायचं. साधारण ७०० मिली निघतो. चमचाभर मीठ आत्ताच घाला, पोह्याच्या चमच्याने, सपाट.

एवढा कुटाणा नको असेल तर कार्टनमधला टोमॅटो ज्यूस चालतो पण लेबल वाचा, बऱ्याच ज्यूसमध्ये साखर असते आणि मग सगळं सॉससारखं लागतं. त्यापेक्षा बिनसाखरेची टोमॅटो प्युरी आणून निम्म्याला निम्मं पाणी घालणं परवडलं.

यातला ५०० मिली रस बर्फाच्या ट्रेमध्ये रात्रभर फ्रीझरला, उरलेला २०० मिली बाटलीत भरून फ्रिजमध्ये. व्होडकाची बाटलीसुद्धा रात्रीच फ्रीझरमध्ये टाका, ती गोठत नाही, घरचा फ्रीझर उणे १८ च्या आसपास असतो आणि आपल्याकडच्या व्होडकात ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, नुसती घट्टसर होते. पण व्होडका ट्रेमधल्या रसात मिसळून गोठवायला जाऊ नका, नीट क्यूब धरतच नाहीत. मिक्सरचं स्टीलचं भांडंही सकाळी अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा, घरचे मिक्सर फिरताना तापतात आणि अर्धा बर्फ तिथेच वितळतो.

आता मसाला. मूळच्या ब्लडी मेरीत वूस्टरशायर सॉस, टबॅस्को (तिखट मिरची सॉस), लिंबू, मिरी, सेलरी आणि बरेच जण हॉर्सरॅडिश (मुळ्यासारखं झणझणीत मूळ) घालतात. ते हॉर्सरॅडिश शोधत हिंडायची अजिबात गरज नाही कारण त्याचा जो नाकात जाणारा झणका असतो ना, तो आणि मोहरीचा झणका रसायन म्हणून एकच आहे. आपली फेसलेली मोहरी! एक चमचा मोहरीची डाळ बारीक कुटायची, दोन चमचे गार पाण्यात चांगली फेसायची आणि दहा मिनिटं झाकून ठेवायची. पाणी गारच हवं, गरम पाण्यात झणका चढतच नाही, आणि लिंबू सुरुवातीला घालायचं नाही, आधी मोहरी चढू द्यायची आणि मग त्यात लिंबू पिळायचं म्हणजे तो झणका टिकतो. झाकण काढून वास घ्या, डोळ्यात टचकन पाणी आलं पाहिजे, नाही आलं तर मोहरी जुनी आहे, परत दुसरी फेसा.

वूस्टरशायरमध्ये मूळ कृतीत अँकोव्ही मासा असतो, त्यामुळे शाकाहारी मंडळींनी बाटलीवरचा हिरवा ठिपका बघून घ्या. त्यात चिंचही असते हे कळल्यावर बाटली नसेल तेव्हा काय करायचं हे आपोआप सुचतं, चिंचेचा कोळ, सोया सॉस, थोडं व्हिनेगर आणि चिमूट गूळ, काम भागतं. सेलरी भाजीवाल्याकडे मिळते, दांडे ग्लासात खोचायला आणि पाला मायक्रोवेव्हमध्ये कुरकुरीत करून मिठाबरोबर चुरायचा, झालं सेलरी सॉल्ट. चाट मसाल्याकडे हात जाईल, जाऊ देऊ नका, त्यातलं काळं मीठ आलं की ती ब्लडी मेरी राहत नाही, टोमॅटोचा जलजीरा होतो.

सकाळी फ्रिजमधल्या २०० मिली रसात फेसलेली मोहरी, दोन लिंबांचा रस, चार चमचे वूस्टरशायर, टबॅस्कोचे आठ-दहा थेंब, अर्धा चमचा जाडसर मिरी आणि सेलरी सॉल्ट घालून चाखा. आत्ता ते जास्त खारट आणि जास्तच जहाल लागलं पाहिजे. एकतर हा मसाला सगळ्या लिटरभर मिश्रणात पसरायचाय आणि दुसरं म्हणजे थंडीने जिभेची चव दबते.

व्होडका किती? चौघांत मिळून एक क्वार्टर, म्हणजे १८० मिली, बास. ब्लडी मेरीला आजचं मसालेदार रूप दिलं असं ज्याच्याबद्दल सांगतात तो बारटेंडर फर्नांड पेटिओ, आधी पॅरिसच्या हॅरीज न्यूयॉर्क बारमध्ये होता आणि १९३४ पासून न्यूयॉर्कच्या सेंट रेजिस हॉटेलात, तो टोमॅटो आणि व्होडका निम्मे निम्मे घ्यायचा म्हणे. त्याला शेकरमध्ये हलवून गाळायचं होतं, त्याचं ठीक होतं. आपण तेवढी ओतली तर स्लश, म्हणजे मऊ बर्फाळ लगदा, धरणारच नाही. १८० मिलीने एकंदर मिश्रणात सात-आठ टक्के अल्कोहोल येतं, ते बरोब्बर मऊ गोठतं. काजू फेणी घालून बघायची कल्पना गोव्याच्या मित्रांची असते, पण फेणीचा वास टोमॅटोला पार गिळून टाकतो, मला नाही आवडत.

क्यूब बाहेर काढून पाच मिनिटं थांबा, दगडासारखे असताना पात्यांचे हाल होतात. मग भांड्यात आधी मसाल्याचा रस, त्यावर व्होडका, वर निम्मे क्यूब, आणि मिक्सरचा नॉब उलट्या बाजूला फिरवून थांबत थांबत चालवा, तीन-चार सेकंद आणि सोडायचं, परत तीन-चार सेकंद. मग उरलेले क्यूब. सलग फिरवलं की हवा भरते, रंग गुलाबी पडतो आणि फेस येतो, गुलाबी दिसायला लागलं की समजा जास्त झालं. चमचा उभा घातल्यावर हळूच कलला पाहिजे. पातळ वाटलं तर भांड्यासकट अर्धा तास फ्रीझरमध्ये.

खरं तर शनिवारी रात्रीच सगळं करून डब्यात भरून ठेवलं तरी चालतं, अल्कोहोलमुळे पार दगड होत नाही, सकाळी काट्याने खरवडायचं. बिनदारूची केली तर मात्र हा लाड नाही, ती रात्रभरात वीट होते, ती आयत्या वेळीच फिरवायची.

ग्लासच्या कडेला लिंबू फिरवून मीठ आणि लाल तिखट लावा, सेलरीचा दांडा खोचा, आणि घरात सांडगी मिरची असेल तर तळून कडेला ठेवा, ऑलिव्हपेक्षा भारी लागते. बरोबर ऑम्लेट-पाव. कागदी स्ट्रॉ देऊ नका, लगदा होतो, सरळ चमचा द्या. आणि महाराष्ट्रात व्होडकाला वय पंचवीस पूर्ण लागतं आणि परमिटही, पुतणे-भाचे आलेले असतील तर त्यांचा बिनदारूचा घाणा वेगळा काढा.

क्यूब उरले तर त्यात नुसता टोमॅटो आणि मीठच आहे, संध्याकाळी साराला घालून टाका.